'लिलाव' ह्या शब्दाची हकीकत

(विंचूर येथें शेतकरी व कारागीर मंडळींपुढें केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज आम्ही तुमच्यापुढें एका शब्दाविषयीं बोलणार आहों. शब्दाविषयीं व्याख्यान म्हटलें कीं, हें शास्त्री-पंडितांचें काम, आपल्याला त्यांत काय कळणार, असें कोणाच्या मनांत येण्याचा संभव आहे. ही समजूत आधीं टाकून द्या. औत सुताराच्या हातून होतें, पण तें चालतें कसें हें कुणब्याला सुताराइतकेंच ठाऊक असतें. शब्दाचेंही तसेंच आहे. जो शब्द रोज तुमच्या तोंडीं आहे, ज्याच्यावर तुमची वर्षाची मिळकत ठरते, त्याची हकीकत जाणण्याचा पहिला हक्क तुमचा आहे.

तो शब्द म्हणजे लिलाव. कांद्याची ट्रॉली भरून तुम्ही सकाळीं येथल्या उपबाजारांत किंवा शेजारच्या लासलगांवीं लावतां. व्यापारी येतात, बाजार समितीचा माणूस येतो, कोणी वरचा कांदा उचलून दाबून पाहतो, आंकडे पुकारले जातात, आणि पानाला चुना लावायला लागतो तितक्या वेळांत चार महिन्यांच्या कष्टांचा निकाल लागतो. ह्या सगळ्याला आपण लिलाव म्हणतों. पण हा शब्द आला कोठून, त्याचा मूळ अर्थ काय, आणि त्या अर्थाप्रमाणें आपल्याकडे काम चालतें काय, हें आपण कधीं विचारलें आहे काय?

आणखी एक गोष्ट पाहा. आपल्या पणजोबांच्या काळीं लिलाव ह्या शब्दानें घरांत रडारड होत असे. सावकाराचा हुकूमनामा, मग जप्ती, मग दवंडी, आणि मग वाडवडिलांच्या जमिनीचा लिलाव. आज ह्याच शब्दाच्या मागें 'बंद' हा दुसरा शब्द लागला कीं रडारड होते. ऑगस्ट २०२३ मध्यें केंद्र सरकारनें कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के कर बसविला, तेव्हां नाशिक जिल्ह्यांतल्या व्यापाऱ्यांनीं विरोध म्हणून खरेदी थांबविली आणि जिकडे तिकडे 'लिलाव बंद, लिलाव बंद' असा घोष झाला. पणजोबा म्हणत, देवा, लिलाव टळो. आपण म्हणतों, देवा, लिलाव चालूं होवो. शब्द तोच, पण एका पिढीला तो काळ वाटला आणि दुसरीला तोच पोटाचा आधार झाला. असें कां व्हावें, याचा उलगडा त्या शब्दाच्या पोटांतच आहे.

पहिल्यानें हें सांगून टाकतों कीं, लिलाव हा शब्द संस्कृत नाहीं. तो पोर्तुगीज आहे. पोर्तुगीज लोक त्याचा उच्चार नाकांतून 'लेइलांव' असा करतात. इ. स. १५१० मध्यें त्यांनीं गोवें घेतलें. पुढें १५८३ मध्यें लिन्स्खोटेन नांवाचा एक डच तरुण तेथल्या आर्चबिशपच्या पदरीं नोकरीस आला व पांच वर्षें राहिला. त्याचें प्रवासाचें पुस्तक १५९६ मध्यें छापलें गेलें. त्यांत त्यानें लिहिलें आहे कीं, गोवें शहरांतल्या मुख्य रस्त्यावर, ज्याला 'सरळ रस्ता' म्हणत तेथें, रविवार व सणवार सोडून रोज सकाळीं मोठा बाजार भरतो आणि त्या बाजारालाच लेइलांव म्हणतात. तेथें अरबी घोडे, मसाल्याचे जिन्नस, उंची गालिचे, आणि त्यांच्याच रांगेंत गुलाम म्हणून धरलेले बायका-पुरुष यांच्यावर बोली होई. बंधूंनो, हा शब्द आपल्या मुलखांत आला तेव्हां माणसांची किंमत ठरवीत आला, हें विसरूं नका.

तो पोर्तुगीजच आहे याचा पुरावा पाहिजे असेल तर चहाबरोबर खातां तो पाव समोर ठेवा. पोर्तुगीज भाषेंत भाकरीला नाकांतून 'पांव' म्हणतात. ज्या कानानें मराठी माणसानें त्याचा पाव केला, त्याच कानानें लेइलांवचा लिलाव केला. गुजराथेंत त्याचें लिलाम झालें आणि हिंदींत नीलाम झालें. वऱ्हाडाकडे हर्रास म्हणतात, तो शब्द निराळा, तो अरबींतून आला. ह्याच पोर्तुगीज गलबतांतून चावी आली, पगार आला, बटाटा आणि कोबी आले, गवंड्याचें घमेलें आलें आणि आपल्या कारागिरांच्या नांवापुढें लागणारा मिस्त्री हा मानाचा शब्दही आला. शब्दांना सोवळें नेसवून बसविणारे कांहीं लोक आहेत. त्यांनीं मिस्त्रीच्या हातचें घमेलें टाकून एकदां घर बांधून दाखवावें! बाजार आणि कारखाना यांना सोवळें परवडत नाहीं. कामाचा शब्द जेथून मिळेल तेथून घेऊन आपल्या लोकांनीं तो आपलासा केला, यांत लाज नाहीं, शहाणपण आहे.

पण पोर्तुगीजांना तरी हा शब्द कोठून मिळाला? त्यांच्या मुलखावर इ. स. ७११ पासून कित्येक शतकें अरबांचें राज्य होतें. अरबी भाषेंत 'अल्-इअलाम' म्हणजे जाहीर करणें, सर्वांना कळविणें. त्यावरून लेइलांव झाला असें मानतात. कोणी तो 'अलम' म्हणजे निशाण ह्या शब्दाशीं जोडतात. दोन्ही शब्दांचें मूळ मात्र एकच आहे आणि त्या मुळाचा अर्थ आहे जाणणें. ह्याच मुळापासून निघालेले शब्द आपल्या घरांत पूर्वींपासून नांदत आहेत. मालूम म्हणजे जाणलेलें. इलम म्हणजे विद्या. तालीम म्हणजे शिकवण, मग ती कुस्तीची असो कीं अक्षरांची. म्हणजे यार्डांतला लिलाव आणि मारुतीच्या देवळाशेजारची तालीम हीं एका आईचीं लेंकरें आहेत! तालमींत वस्ताद जें शिष्याला कळवितो तें शिक्षण, आणि बाजारांत जें सर्वांना कळवून होतें तो लिलाव. जें झांकून, लपवून, कानांत सांगून होतें त्याला लिलाव म्हणण्याचा त्या शब्दाच्या मुळांतच आधार नाहीं.

आतां युरोपांतले इतर लोक ह्याच व्यवहाराला काय म्हणतात तें पाहूं. एकच व्यवहार, पण ज्याच्या नजरेस जें भरलें तें त्यानें शब्दांत पकडलें.

इंग्रज 'ऑक्शन' म्हणतात. हा शब्द लॅटिन भाषेंतून आला व त्याचें मूळ वाढविणें असें आहे. एकानें बोललें त्यावर दुसऱ्यानें वाढवावें, हें त्याचें मर्म. जर्मन लोकांचा 'फेरष्टायगेरुंग' हा शब्द चढविणें ह्या क्रियेवरून झाला. भाव शिडीच्या पायऱ्यांसारखा चढला पाहिजे. फ्रेंच लोक 'आंशेर' म्हणतात, त्यांत महाग ह्या अर्थाचा शब्द आहे. मासळीच्या बंदरांत तेच लोक 'क्रिये' म्हणतात, म्हणजे ओरडणें. स्पेन देशांत 'आल्मोनेदा' असा एक जुना शब्द आहे. तोही अरबी, आणि त्याचा अर्थ पुकारणें. आपल्याकडे गांवांत दवंडी पिटतात तिला पुष्कळ ठिकाणीं मुनादी म्हणतात. ती मुनादी आणि स्पेनची आल्मोनेदा ह्या सख्ख्या बहिणी आहेत.

सर्वांत गोड शब्द आहे तो इटलीचा. लॅटिन भाषेंत 'इन क्वांटुम?' असा प्रश्न विचारीत. त्याचा अर्थ 'केवढ्याला?' ह्या प्रश्नाचाच पुढें शब्द झाला. इटलींत तो 'इंकांतो' झाला, फ्रान्सांत 'आंकां' झाला, दक्षिण जर्मनींत व स्वित्झर्लंडांत 'गांट' झाला. स्पेनमधल्या बार्सिलोना शहरांतला जुन्या चीजवस्तूंचा बाजार आजही त्याच नांवानें चालतो. आपल्या माळणी आठवडे-बाजारांत दिवसभर ऐकतात तो 'केवढ्याला ग बाई?' हाच प्रश्न तिकडे लिलावाचें नांव होऊन बसला! आणि गंमत अशी कीं, इटालियन भाषेंत 'इंकांतो' ह्या शब्दाचा दुसरा अर्थ जादू, मंत्र घालणें असा आहे. तो शब्द मुळांत वेगळा. तो गाणें ह्या अर्थाच्या मुळापासून आला. दोन वेगळ्या गांवचे दोन पाहुणे एकच अंगरखा घालून आले, तसा हा प्रकार आहे. एकाच शब्दानें 'केवढ्याला?' असा उघड सवालही होतो आणि डोळ्यांवर मोहिनीही पडते. आपल्या यार्डांतल्या लिलावाला कोणत्या दिवशीं कोणता अर्थ लागू पडतो, हें तुम्हीच ठरवा.

शेजारच्या दोन देशांची आणखी एक गोष्ट सांगतों. डच लोक लिलावाला 'फाइलिंग' म्हणतात. त्याचें मूळ 'विकावयास ठेवलेलें' असें आहे. तेंच मूळ जर्मन भाषेंत गेलें आणि तेथें त्याचें 'फाइल्शेन' झालें, म्हणजे घासाघीस करणें. एकच बीं, पण एका वावरांत उघड बोलीचें पीक आलें आणि बांधापलीकडच्या वावरांत कुरबुरीचें. शब्द कोणाच्या हातांत पडतो त्यावर त्याचा अर्थ ठरतो, याचा हा नमुना आहे.

आतां दुसरी बाजू ऐका. स्पेनमध्यें लिलावाला नेहमीचा शब्द आहे 'सुबास्ता'. इटलींत त्याचाच भाऊ 'आस्ता'. 'आस्ता' म्हणजे भाला, आणि 'सुबास्ता' म्हणजे भाल्याखालीं. हा काय प्रकार? रोमन लोक लढाईंत लुटलेला माल आणि पकडलेलीं माणसें विकतांना जमिनींत भाला रोवीत. भाला म्हणजे सत्ता. हा माल आम्हीं मनगटाच्या जोरावर मिळविला आहे, यावर मूळ धन्याचा हक्क उरला नाहीं, असें तो भाला सांगे. ज्याचें घर लुटलें तो मुकाट्यानें बघत उभा, आणि बोली बोलणारे भलतेच. हा भाल्याचा लिलाव शेवटीं त्याच लोकांवर उलटला. इ. स. १९३ मध्यें रोमच्या बादशाहाला त्याच्याच खास शिपायांनीं ठार केलें आणि सबंध साम्राज्य बोलीला काढलें. दिदियुस युलियानुस नांवाच्या एका श्रीमंतानें दर शिपायामागें २५,००० नाणीं कबूल करून तें घेतलें. ६६ दिवसांत राज्यही गेलें आणि डोकेंही गेलें.

पोर्तुगीज लोकांनीं ह्या दोन तऱ्हा वेगळ्या ओळखल्या. त्यांच्याकडे बाजारांतल्या बोलीला लेइलांव म्हणतात, आणि सरकार किंवा कोर्ट जप्तीचा माल विकतें त्याला 'आस्ता पुब्लिका' म्हणजे 'सरकारी भाला' म्हणतात. आपल्याकडे एकच शब्द आला आणि त्याच्यावर दोन्ही ओझीं पडलीं. कळविण्याचा लिलाव आणि भाल्याचा लिलाव. पणजोबा ज्याला भीत होते तो भाल्याचा, आणि आपण ज्याची वाट पाहतों तो कळविण्याचा.

भाल्याचा लिलाव आपल्या लोकांनीं पुष्कळ भोगला आहे. दुसऱ्या बाजीरावाच्या अमदानींत मामलती मक्त्यानें देण्याची चाल पडली. जो जास्त रक्कम कबूल करील त्याच्या हातीं मुलूख. वर वर पाहतां ती मामलतीची बोली होती, पण खरें पाहिलें तर बोलीला काढलेली वस्तु कोणती होती? कुणब्याची पाठ! जितकी बोली चढे तितका वळ खोल उठे. १८१८ मध्यें पेशवाई गेली, इंग्रज आले, आणि भाल्याच्या जागीं कागद आला. कुळानें अंगठा दिला, कागदांत काय लिहिलें हें त्याला मालूम नाहीं. कोर्टांत हुकूमनामा झाला, तोही मालूम नाहीं. दारांत दवंडी आली तेव्हां मालूम झालें! १८७५ च्या मे महिन्यांत पुणें जिल्ह्यांतल्या सुप्याच्या बाजारांत दंगा उठला व तो पुणें आणि नगर जिल्ह्यांत पसरला, तेव्हां शेतकऱ्यांचा मुख्य रोख सावकाराच्या दप्तरावर होता. त्यांनीं खतें मागून घेतलीं आणि जाळलीं. ज्या कागदानें आपल्याला फशीं पाडलें तो आपल्याला वाचतां येत नाहीं, मग जाळण्यावांचून दुसरा उपाय त्यांना कोणता सुचावा? १८७९ मध्यें सरकारनें पुणें, नगर, सोलापूर व सातारा ह्या जिल्ह्यांसाठीं कायदा केला. जमीन मुद्दाम गहाण लिहून दिली नसेल तर ती कर्जासाठीं विकूं नये असें त्यांत ठरलें. पण 'मुद्दाम गहाण लिहून दिली' हे शब्द कागदांत आहेत कीं नाहींत हें पुन्हां वाचणारालाच कळणार! जोतीराव फुल्यांनीं 'शेतकऱ्याचा असूड' लिहून दाखवून दिलें तें हेंच. शेतकरी कष्टांत कमी पडला म्हणून बुडाला नाहीं, विद्येपासून त्याला दूर ठेवलें म्हणून बुडाला.

आतां बाजाराकडे वळूं. जमीन वांचली तरी माल विकण्याची रीत काय होती? अडत्या आणि खरेदीदार रुमालाखालीं हात घालून एकमेकांचीं बोटें दाबीत. इतकीं बोटें म्हणजे इतका भाव. रात्रंदिवस राबून ज्यानें माल पिकविला तो बाजूला उभा राहून त्या रुमालाकडे पाही. रुमालाखालीं काय ठरलें आणि त्याला काय सांगितलें यांत किती अंतर होतें, हें त्या रुमालालाच ठाऊक! ह्याला विक्री म्हणतां येईल, पण जाहीर करणें हा ज्या शब्दाचा अर्थ तो लिलाव हा नव्हे.

ही चाल एका दिवसांत गेली नाहीं. वऱ्हाडांत कापूस व धान्य यांच्या बाजारांसाठीं १८९७ मध्यें कायदा झाला. मुंबई इलाख्यांत १९२७ मध्यें कापसाच्या बाजारांचा कायदा झाला. लॉर्ड लिनलिथगो यांच्या अध्यक्षतेखालीं नेमलेल्या शेतकी कमिशननें १९२८ च्या अहवालांत सांगितलें कीं, नियमानें चालणारे बाजार झाल्यावांचून शेतकऱ्याच्या पदरांत योग्य दाम पडणार नाहीं. मग १९३९ मध्यें इतर शेतमालासाठीं मुंबईचा कायदा आला, १९४७ मध्यें लासलगांवची बाजार समिति झाली, आणि १९६३ मध्यें महाराष्ट्राचा स्वतःचा कायदा झाला. आपलें विंचूर त्याच लासलगांव समितीचा उपबाजार आहे. पूर्वीं अडत शेतकऱ्याच्या पट्टींतून कापीत. जुलै २०१६ मध्यें सरकारनें फळें-भाजीपाल्यावरची ती खरेदीदारावर टाकली. रुमाल उचलण्यासाठीं इतकीं वर्षें आणि इतके कायदे लागले, म्हणून आज आंकडा मोठ्यानें पुकारला जातो. ही मिळकत लहान समजूं नका.

परंतु रुमाल हातावरचा गेला म्हणून मनावरचा गेला काय? सगळ्या देशांच्या शब्दांनीं आपल्या यार्डाला एकेक प्रश्न विचारून पाहा. इंग्रजी व जर्मन शब्द विचारतात, भाव खरोखर चढतो काय? खरेदीदारांनीं आदल्या रात्रींच आपसांत ठरवून घेतलें असेल, तर पुकारा कितीही मोठा होवो, शिडीला पायऱ्याच नाहींत. जेथें खरेदीदार थोडे तेथें ही भीति जास्त, म्हणून नवा खरेदीदार यार्डांत येत असेल तर त्याला वाट मोकळी असली पाहिजे, अशी मागणी शेतकऱ्यानेंच केली पाहिजे. फ्रेंच शब्द विचारतो, ज्याचा माल त्याला तो आंकडा ऐकूं आला काय? इटालियन शब्द विचारतो, 'केवढ्याला?' असें तुम्ही स्वतः तोंड उघडून विचारलें काय? आणि आपला लिलाव हा शब्द विचारतो, तुम्हांला काय काय मालूम होतें?

हा शेवटचा प्रश्न सर्वांत मोठा. लंडन शहराची एक जुनी हकीकत ऐका. तिकडे पूर्वीं मेणबत्तीचा इंचभर तुकडा पेटवून बोली चालवीत, आणि ज्योत विझतांना ज्याची बोली शेवटची त्याला माल मिळे. १६६२ मध्यें सॅम्युअल पीप्स ह्या कारकुनानें आपल्या रोजनिशींत लिहून ठेवलें कीं, एक मनुष्य नेमक्या क्षणीं बोलतो हें पाहून त्याला युक्ति विचारली, तेव्हां तो म्हणाला, ज्योत विझण्याच्या आधीं धूर खालीं वळतो. बाकीचे लोक त्याच ज्योतीकडे पाहत होते, पण धुराकडे पाहावें हें त्या एकालाच मालूम होतें!

हॉलंडांत तर शेतकऱ्यांनीं ही किल्ली स्वतःच्या कमरेला लावली. ब्रुक ऑप लांगेडाइक नांवाच्या गांवीं भाजी पिकविणारे लोक होड्यांतून माल आणीत. व्यापारी एकेका होडीला गांठून एकेकट्याशीं घासाघीस करी. १८८७ मध्यें तेथें फुलकोबीचा उघड लिलाव सुरू झाला आणि ती रीत देशभर पसरली. त्यांची तऱ्हा आपल्याहून उलटी. भाव वरून सुरू होतो व खालीं उतरत येतो, आणि जो पहिल्यानें 'माझा' म्हणेल त्याला माल मिळतो. पुढें त्यासाठीं मोठमोठीं घड्याळें बसविलीं. पण खरी गोष्ट घड्याळाची नाहीं. तिकडच्या फुलांच्या जगप्रसिद्ध लिलावाचे धनी फुलें पिकविणारे लोकच आहेत, त्यांची सहकारी संस्था आहे. दौत-लेखणी आणि घड्याळ दोन्ही पिकविणाराच्या हातांत आहेत.

आणखी एक अलीकडची गोष्ट. २०२० सालचें अर्थशास्त्राचें नोबेल पारितोषिक पॉल मिलग्रॉम व रॉबर्ट विल्सन ह्या दोघां अमेरिकन प्रोफेसरांना मिळालें, तें लिलावाच्याच अभ्यासाबद्दल. त्यांच्या शिकवणींतला आपल्या उपयोगाचा भाग साध्या भाषेंत असा. बोली बोलणाराच्या मनांत एक भीति असते, कीं आपण सर्वांत जास्त बोललों आणि माल तितक्याचा निघाला नाहीं तर बुडालों. ह्या भीतीपोटीं तो हात राखून बोलतो. विकणारानें मालाची खरी माहिती सर्वांपुढें उघड केली तर ती भीति कमी होते व सरासरीनें भाव वाढतो. म्हणजे अरबी शब्दानें शेंकडों वर्षांपूर्वीं जें एका शब्दांत सांगितलें होतें तेंच ह्या प्रोफेसरांनीं हिशेबानें सिद्ध केलें. जितकें जाहीर, तितका भाव.

येथें आम्हांला आपल्याच पदरांतला खडाही दाखविला पाहिजे, नाहीं तर आमचें बोलणें एकांगी होईल. आपल्यांतले कांहीं जण ट्रॉलींत वर मोठा कांदा लावतात आणि खालीं गोल्टी व सडका ढकलतात. त्यांना वाटतें आपण व्यापाऱ्याला फसविलें. खळ्यावर ट्रॉली रिकामी झाली कीं भांडण होतें, भाव कापला जातो. आणि दुसऱ्या दिवशीं तोच व्यापारी सगळ्यांच्याच ट्रॉलीकडे संशयानें पाहतो व सगळ्यांनाच कमी बोलतो. म्हणजे एकानें लपविलें आणि शंभरांनीं दंड भरला. रुमालाखालीं हात घालणारा आणि ट्रॉलीखालीं गोल्टी घालणारा, दोघेही लिलाव ह्या शब्दाचे सारखेच वैरी आहेत. चाळींतून काढतांनाच माल निवडा, मोठा व गोल्टी वेगळा करा, जसा आहे तसा उघडा दाखवा. मग भाव कापण्याचें निमित्त उरणार नाहीं आणि कोणी कापलाच तर तुमचें तोंड वर राहील.

दुसरें, ट्रॉली जुंपण्याआधीं आदल्या दिवशींचे चार बाजारांचे भाव माहीत करून घ्या. आज तें घरबसल्या मोबाइलावर कळतें. पूर्वीं त्यासाठीं गाडी जुंपून जावें लागे. नुसता जास्तींत जास्त भाव पाहून हुरळूं नका. तो एखाद्याच ट्रॉलीला मिळालेला असतो. कमींत कमी किती, सरासरी किती, आवक किती, हीं तिन्ही पाहा.

तिसरें, हिशोबपट्टी हातीं आली कीं ती तेथेंच वाचा. वजन किती, भाव किती, हमाली किती, तोलाई किती, कशाबद्दल काय कापलें. न समजलें तर विचारा. विचारणाराला कोणी हंसेल तर हंसूं द्या. न विचारतां अंगठा देणाऱ्या पणजोबांना कोणी हंसलें नाहीं, त्यांची जमीन मात्र गेली. पट्टी घरीं नेऊन घरधनिणीपुढें ठेवा. निंदणी तिनें केली, कांदा काढला तिनें, कापला तिनें, आणि हिशोबाच्या वेळीं मात्र ती चुलीपाशीं, हें न्यायाचें नाहीं. सावित्रीबाईंनीं १८४८ पासून पुण्यांत मुलींना शिकविलें तें पट्टी वाचणारी बाई घरोघरीं व्हावी म्हणूनच, असें आम्ही समजतों. आपल्या जिल्ह्यांत १९१४ पासून मराठा विद्या प्रसारक समाजानें बहुजनांच्या पोरांसाठीं शाळा काढल्या, त्यांतून शिकलेला एक तरी मुलगा किंवा मुलगी आज प्रत्येक घरांत आहे. त्या मुलाला पट्टी वाचायला लावा, आजीला समजावून सांगायला लावा.

कारागीर बंधूंनो, हें केवळ कांद्यापुरतें नाहीं. येवल्याच्या विणकराची पैठणी शहरांत केवढ्याला विकली गेली हें त्याला मालूम नसेल, सुताराला आपल्या कामाचा दर शेजारच्या गांवीं काय आहे हें ठाऊक नसेल, तर त्याच्याही हातावर रुमाल पडलेलाच आहे, मग तो दिसो वा न दिसो.

शेवटीं एवढेंच सांगतों. एका शब्दामागें गेलों तर आपण गोव्याच्या घाटावर गेलों, अरबांच्या बाजारांत गेलों, रोमच्या भाल्याखालीं उभे राहिलों आणि पुन्हां विंचूरच्या यार्डांत आलों. हा शब्द आपल्या मुलखांत माणसांना विकीत आला, मग त्यानें जमिनी विकल्या, आणि आतां तो आपल्या कष्टांचें फळ विकतो. पुढें त्याचा अर्थ काय व्हावा हें आतां कोशांत ठरणार नाहीं. सकाळीं ट्रॉलीपाशीं तुम्ही डोळे आणि तोंड उघडें ठेवून उभे राहतां कीं नाहीं यावर ठरेल. उद्यां आंकडा पुकारला जाईल तेव्हां मनांत म्हणा, लिलाव म्हणजे कळविणें. आणि मग मोठ्यानें विचारा, केवढ्याला?

सत्याचा जय असो.